आवरलेल्या घराचा पंचनामा

शकुन जोगळेकरला घर आवरायचा रोग होता. रोगच म्हणायचा, दुसरा शब्द नाही. दाराची बेल वाजली की दार उघडायला जाता जाता ती चार वस्तू उचलायची, दोन पायानं सोफ्याखाली सारायची आणि मगच कडी काढायची. नवरा मनोहर सरकारी बँकेत अधिकारी. तीस वर्षांत नऊ बदल्या झाल्या, नऊ घरं लावली, नऊ आवरली. त्या आवराआवरीत भोपाळचं शिवणकाम गेलं आणि नागपूरचा गाण्याचा क्लासही गेला. राहिला तो एकच उद्योग, हलव्याच्या दागिन्यांचा. तो डब्यात बसायचा, म्हणून टिकला असावा.

आता कोलकात्यात बसून हलव्याचे दागिने कोण करतं, असं कुणी विचारेल. शकुन करायची. बेहालातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, घरमालक श्यामसुंदरबाबूंच्या बरोबर डोक्यावर. नवरात्र संपून हवा कोरडी पडायला लागली की हॉलमध्ये खाली शेगडी, शेगडीवर परात, परातीत खसखस नाहीतर तीळ. चमचाभर पाक घालायचा आणि बोटांनी फिरवत राहायचं. हात थांबला की दाणे एकमेकांना चिकटले, काटा गेला, मेहनत पाण्यात. दिवसदिवस असं फिरवल्यावर पांढराशुभ्र काटेरी हलवा तयार व्हायचा, आणि मग त्याचे हार, बाजूबंद, कंबरपट्टे, बाळांचे मुकुट आणि बासऱ्या. संक्रांतीला नवी सून आणि पहिल्या वर्षाचं बाळ, दोघंही ते घालून बसणार. संक्रांत गेली की पंधरा जानेवारीला त्याच दागिन्यांना कुणी विचारत नाही.

इतकी वर्षं हे सगळं वैदेहीच्या जिवावर चाललं होतं. वैदेही म्हणजे शकुनची पुण्यातली नणंद. दिवाळीला यायची, डबे भरून न्यायची, आपल्या ओळखीपाळखीत द्यायची. फोटो यायचे, त्याखाली लिहिलेलं असायचं, “वैदेहीताईंकडचे दागिने, काय सुरेख!” शकुन ते वाचायची आणि फोन ठेवून द्यायची. मनात काही यायचंच नाही असं नाही. यायचं, चांगलं झोंबायचं. पण बोलणार कुणाला?

या वर्षी वैदेही मुलाकडे कॅनडाला गेली, ती जूनपर्यंत यायची नव्हती. तेव्हा शकुननं ठरवलं, की इंटरनेटवरच्या बाजारात आपणच दुकान मांडायचं, आपल्या नावानं. नाहीतर उद्योग बंद. मधला रस्ता नव्हताच.

महाराष्ट्र मंडळातला तन्मय आयटीत होता. तो म्हणाला, “काकू, बिनधास्त करा. छोट्या विक्रेत्यांना जीएसटी लागत नाही.” शकुन खूश. दुकानाचं नाव घातलं, फोटो चढवले, आणि बाजारवाल्या कंपनीनं तिचा माल फक्त पश्चिम बंगालमध्ये दाखवला. आता बघा गंमत! पश्चिम बंगालमध्ये हलव्याचा कंबरपट्टा घेणार कोण? मंडळातली चाळीस घरं, त्यातल्या दोघींकडे यंदा सून आलेली.

मग बेहाला चौरस्त्याजवळ कराची कामं करणारे दिलीपबाबू होते, त्यांच्याकडे ती गेली. जुना माणूस, टेबलावर फायलींचे ढीग, पण डोकं लख्ख. वहिनीला बंगालीत म्हणतात तसं ‘बौदी’ म्हणून हाक मारत ते हिंदीत म्हणाले, “बौदी, त्या मुलानं अर्धंच सांगितलं. उलाढाल थोडी असेल आणि माल राज्याच्या आतच विकणार असाल, तर नुसत्या नावनोंदणीवर भागतं. पण माल राज्याची हद्द ओलांडून पुण्याला जाणार ना? मग जीएसटीची नोंदणी हवीच, विक्री एक रुपयाची का असेना.”

“आणि फोनवर ऑर्डरी घेऊन पाठवला तर?”

“फोनवर घ्या नाहीतर पोस्टकार्डावर घ्या. वस्तू राज्याबाहेर गेली की नियम तोच.”

झालं. शकुननं पदर खोचला. पॅन, आधार, फोटो, विजेचं बिल, आणि जागा वापरायला हरकत नाही असं घरमालकाचं पत्र. श्यामसुंदरबाबूंनी तर “तुमच्या पाकाच्या वासानं आमचा जिना गोड होतो” म्हणत हसत सही केली. ऑक्टोबरच्या शेवटी अर्ज गेला. दिलीपबाबूंनी बजावलं, “जागा बघायला माणूस येऊ शकतो.” शकुननं मनाशी हिशेब मांडला. दहा डिसेंबरपर्यंत जीएसटीचा नंबर आला तर माल दिसणार, ऑर्डरी येणार, पार्सलं संक्रांतीआधी पोचणार. त्यानंतर आला तर तो नंबर पुढच्या वर्षी काय पूजेला लावायचा? आणि तोवर आठ मोठे डबे हलवा तयार होऊन बसलेला.

नोव्हेंबरच्या मध्याला फोन आला. सलील बागची नावाचे निरीक्षक. “उद्या अकरा वाजता जागा बघायला येतो, पत्ता नीट सांगा.”

मनोहरनं हे ऐकलं मात्र, त्याच्या अंगात बँक संचारली. “इन्स्पेक्शन!” तो म्हणाला. “शकुन, आमच्याकडे इन्स्पेक्शन म्हटलं की पहिली गोष्ट काय? टेबल साफ. कागद फाइलला, बाकी सगळं कपाटात. माणूस आत आला की त्याला प्रसन्न वाटलं पाहिजे.”

आणि शकुनला तरी सांगायला का हवं होतं! दोघं नवरा-बायको संध्याकाळभर लागली. पराती माळ्यावर गेल्या. शेगडी पुसून स्वयंपाकघराच्या ओट्याखाली. काळं कापड, जर, सुया, पुठ्ठे पेटीत आणि पेटी दिवाणात. वजनकाटा दिवाणाखाली. हलव्याचे डबे बाल्कनीत, त्यावर जुनी चादर. फरशी दोनदा पुसली. सोफ्यांना नवे अभ्रे, टीपॉयवर विणलेला रुमाल, फुलदाणीत रजनीगंधा. घर असं चकचकीत झालं की मुलगी बघायला येणार आहेत असं वाटावं.

सलीलबाबू आले. चाळिशीचा, सडपातळ, सभ्य माणूस, खांद्याला कापडी पिशवी. शकुननं पोहे दिले, नारळाची वडी दिली, चहा दिला. त्यांनी आनंदानं खाल्लं. मग फोन काढला, सोफ्याचा फोटो घेतला, टीव्हीचा घेतला, शोकेसमधल्या गणपतीचा घेतला आणि इकडेतिकडे बघत विचारलं, “माल कुठे असतो, मॅडम?”

इथे शकुनच्या तोंडून जे निघालं ते आपल्यातल्या कुठल्याही बाईच्या तोंडून निघालं असतं. साडी छान आहे म्हटलं की “छे हो, जुनीच आहे” म्हणणारी जात आपली. ती म्हणाली, “अहो, कसला माल! थोडंसंच असतं. ठेवलंय आत कुठेतरी.”

“काम कधी चालतं?”

“काम असं नाही काही. घरातलं सगळं उरकून वेळ मिळाला की करते आपलं.”

सलीलबाबूंनी मान हलवली, वडीचं कौतुक केलं, नमस्कार केला आणि गेले. मनोहरला संध्याकाळी तिनं फोनवर सांगितलं, “एकदम छान झालं. माणूस खूश होऊन गेला.”

आठवड्यानं नोटीस आली. ईमेल उघडून शकुननं दोनदा वाचली, मग डोळे पुसून तिसऱ्यांदा वाचली. अर्जात दिलेल्या जागी व्यवसाय चालू असल्याचं किंवा चालवण्याची तयारी असल्याचं आढळलं नाही. अर्ज नामंजूर का करू नये याचं उत्तर कामकाजाच्या सात दिवसांत द्यावं.

ती बाल्कनीत गेली, चादर ओढली, आणि ते आठ डबे बघून तिला रडू फुटलं. राग आला तो सलीलबाबूंचा नाही. त्या बिचाऱ्यानं खोटं कुठे लिहिलं होतं? त्याला दाखवलं तेच त्यानं लिहिलं. राग आला तो स्वतःचा, असा की स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्यात. इतकी वर्षं ज्या बोटांनी काटा आणला, त्याच हातांनी तिनं चादर टाकली होती. वर विचारल्यावर तोंडानं सांगितलंही होतं, की हे काम नाही.

मनोहर म्हणाला, “जाऊ दे गं. पुढच्या वर्षी बघू. एवढं काय त्यात?”

“एवढं काय त्यात?” शकुन म्हणाली. “अहो, वैदेही नाही, दुकान नाही. पुढच्या वर्षी मी करीन असं तुम्हाला वाटतं? भोपाळचं शिवणाचं मशीन आपण पुढच्या वर्षीच काढणार होतो ना? ते गेलं भंगारात.”

दुसऱ्या दिवशी दिलीपबाबूंनी उत्तर लिहून दिलं, सोबत डब्यांचे, परातींचे फोटो जोडले, आणि जागा पुन्हा तपासावी अशी विनंती केली. “आता वाट बघा, बौदी.”

“वाट बघायला माझ्याकडे दिवस आहेत का? सलीलबाबू बसतात कुठे ते सांगा.”

“तुम्ही जाणार? अहो, तिथे कोणी—”

“दिलीपबाबू, पत्ता.”

बेहालाहून सॉल्ट लेकचं कर कार्यालय म्हणजे शहराच्या या टोकाहून त्या टोकाला. दोन बस बदलून ती पोचली. तासभर बाकावर बसली, आणि सलीलबाबू जेवणाची सुट्टी संपवून आले तशी समोर उभी राहिली. मांडीवर मावेल एवढा डबा टेबलावर ठेवला, झाकण उघडलं.

सलीलबाबू दचकले. “मॅडम, हे असलं काही आम्हाला घेता येत नाही.”

“घेऊ नका. बघा फक्त. हा माझा माल. तुम्ही आलात तेव्हा मी तो चादरीखाली लपवला होता.”

“लपवला? का?”

आता याला काय सांगायचं! शेवटी शकुन सरळच म्हणाली, “आमच्याकडे कुणी यायचं असलं की पसारा आवरतात. मी माझं काम पसाऱ्यात धरलं. चूक माझी आहे, तुमची नाही. पण तुम्ही एकदा परत या.”

सलीलबाबू डब्यातल्या काट्यांकडे बघत राहिले. एक दाणा उचलावासा त्यांना वाटला असणार, पण त्यांनी हात आवरला. “साहेबांना विचारतो. त्यांनी हो म्हटलं तर येईन. पण या वेळी सांगून येणार नाही. दिवस नाही, वेळ नाही. जे चालू असेल ते बघीन.”

“दहा तारखेच्या आत?”

“ते वचन देता यायचं नाही, मॅडम.”

त्या दिवसापासून जोगळेकरांच्या हॉलचा कारखाना झाला. म्हणजे तो आधीही होता, पण आता तो उचलला जाईना. मधोमध शेगडी आणि परात. सोफ्यावर काळं कापड पसरलेलं. टीपॉयवर पुठ्ठ्याचे मुकुट वाळत पडलेले. भिंतीला डबे, डब्यांवर वजनकाटा. मनोहर ऑफिसातून आला की बूट हातात घेऊन उड्या मारत बेडरूममध्ये जायचा. बातम्या बघायला त्याला वेताच्या बुटक्या मोड्यावर बसावं लागे. दोन दिवस त्यानं सोसलं. तिसऱ्या दिवशी त्याच्या शर्टाला पाक लागला तेव्हा तो कुरकुरला, “घर आहे की हलवायाचं दुकान?”

“दुकानच,” शकुन म्हणाली. “अर्जावर तसंच लिहिलंय.”

खरी परीक्षा पाच डिसेंबरला आली, शुक्रवारी. त्या संध्याकाळी मनोहरचे झोनलसाहेब आणि त्यांच्या पत्नी आभाजी चहाला यायचे होते. आमंत्रण महिन्यापूर्वीचं. मनोहरच्या निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती आणि शेवटची बदली पुण्याला मिळावी म्हणून तो या साहेबांकडे डोळे लावून बसलेला. सकाळी टाय बांधता बांधता तो म्हणाला, “शकुन, आज साडेपाच ते साडेसात. दोन तास. एवढं उचलून ठेव. तेवढं तर करशील माझ्यासाठी?”

पुणं शकुनलाही हवं होतं, का नसावं? मनोहर वाईट माणूस नव्हता, आणि त्यानं कधी काही फारसं मागितलंही नव्हतं. मागायची वेळच यायची नाही, ती आधीच आवरून बसलेली असायची. तिला हो म्हणावंसं वाटलं. ओठावर आलंही.

“आणि त्याच दोन तासांत ते निरीक्षक आले तर?” ती म्हणाली.

“संध्याकाळी साडेपाचनंतर सरकारी माणूस येतो होय?”

“तुम्हीच नेहमी म्हणता ना, या देशात काही सांगता येत नाही. नाही, अहो. आज मी उचलणार नाही. चहा करीन, वड्या करून ठेवीन, पण हे असंच राहील. तुमच्या साहेबांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.”

मनोहर दार आपटून गेला. तीस वर्षांत पहिल्यांदा. शकुन परातीपाशी जाऊन बसली.

साडेपाचला पाहुणे आले. मनोहर त्यांच्या पुढे पुढे, “या सर, जरा सांभाळून हं, ते आपलं जरा—” असं काहीतरी पुटपुटत. शकुन परातीत बोटं फिरवत होती. शेवटचा हात चालू होता, पाक नुकताच घातलेला, काटा वर येत होता. उठायची सवय अंगात इतकी मुरलेली, की गुडघे आपोआप वळले. तिनं ते परत जमिनीला टेकवले. “नमस्ते,” ती हसून म्हणाली, “बसा ना. माझा हात थांबला तर हे खराब होईल. दहा मिनिटं द्या.”

साहेब मोड्यावर बसले, दुसरं बसायला होतंच काय? आभाजी लखनौच्या, रेशमी साडीतल्या, त्या उभ्याच राहिल्या. मनोहरचा चेहरा पडलेला. तो स्वयंपाकघरात गेला आणि साखरेचा डबा शोधण्याचे आवाज बाहेर येऊ लागले.

आणि बेल वाजली.

दार आभाजींनीच उघडलं. बाहेर सलीलबाबू, खांद्याला पिशवी. “ऑफिसातून घरी चाललो होतो. ठाकुरपुकूरला राहतो मी, वाटेवरच आहे. जोगळेकर मॅडम?”

“इथेच आहे,” शकुन खालून म्हणाली. “या. उठत नाही, माफ करा.”

“नका उठू. असंच हवंय.” सलीलबाबूंनी फोन काढला, तो डोळ्यांसमोर धरला आणि खाली घेतला. साहेबांकडे बघून अदबीनं म्हणाले, “सर, आपण जरा बाजूला होता का? मालासमोर आलात.”

झोनलसाहेब उठले. चार राज्यांच्या शाखा ज्यांच्या हाताखाली, ते मोडा उचलून खिडकीपाशी गेले. मनोहर चहाचा ट्रे घेऊन दारात आला होता, तो तिथेच थबकला.

फोटो झाले. परातीचे, डब्यांचे, वजनकाट्याचे, शकुनचे. मग कागद निघाला. “काम रोज चालतं?”

मनोहरला वाटलं असावं, की आपण परिस्थिती सावरावी. तो हसत म्हणाला, “नाही हो साहेब, तसं काही मोठं नाही, घरच्या घरी जरा टाइमपास—”

“टाइमपास नाही,” शकुन म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण साहेबांनीसुद्धा वळून पाहिलं. “लिहून घ्या, सलीलबाबू. नवरात्रापासून संक्रांतीपर्यंत रोज सात तास. रविवार धरून. हलवा मी करते, दागिने मी करते, पार्सलं मी बांधणार. आठ डबे तयार आहेत, मोजून घ्या. मदतीला कुणी नाही. धंदा माझा आहे.”

बोटं तेवढा वेळ फिरतच होती. सलीलबाबूंनी डबे मोजले, कागदावर लिहिलं, तिच्यासमोर धरला. हात पाकानं भरलेला, म्हणून तिनं मनगटानं केस मागे सारले आणि नीट वाचलं. “प्रत्यक्ष भेटीच्या वेळी जागेवर उत्पादन चालू होतं.” तिनं ते पुन्हा वाचलं.

सलीलबाबूंनी या वेळी चहासुद्धा घेतला नाही, उशीर झाला म्हणाले. ते गेल्यावर आभाजी साडी सावरून फरशीवरच बसल्या आणि परातीत डोकावल्या. “हे काटे आपोआप येतात?” त्यांनी विचारलं. शकुननं सांगितलं, पुष्कळ सांगितलं. साहेबांनी मनोहरनं केलेला चहा प्यायला आणि साखर जास्त झाली असं कळवलं. पुण्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

मंगळवारी, नऊ तारखेला दुपारी नंबर आला. पंधरा अक्षरांचा आणि अंकांचा. शकुननं तो आधी कागदावर उतरवला, मग बाजारवाल्या कंपनीच्या पानावर भरला, मग दिलीपबाबूंना फोन केला. ते ओरडलेच, “बौदी, मिष्टी कुठाय?” संध्याकाळपर्यंत दुकान देशभर दिसायला लागलं. मनोहर घरी आला तेव्हा ती पहिली ऑर्डर वाचत होती. साताऱ्याची, बाळाचा मुकुट आणि बासरी. विक्रेत्याच्या रकान्यात शकुन मनोहर जोगळेकर.

मनोहरला मनापासून आनंद झाला. त्यानं बॅग ठेवली, बाह्या सरसावल्या, आणि वाकून परात उचलली. “सुटलो बुवा एकदाचे! आला ना नंबर? आता कुणी यायचं नाही बघायला. चल, मी वर ठेवतो हे सगळं. हॉल हॉलसारखा दिसू दे.”

“परात खाली ठेवा,” शकुन म्हणाली.

“अगं, पण तपासणी झाली ना?”

“तपासणी झाली. काम कुठे झालंय?”

मनोहर परात धरून उभा राहिला. त्यानं सोफ्यावरच्या काळ्या कापडाकडे पाहिलं, टीपॉयवरच्या मुकुटांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती आवरायला उठलेली नव्हती. ती सुईत दोरा ओवत होती.

“आणि संक्रांतीनंतर?” त्यानं विचारलं.

“संक्रांतीनंतरही ही जागा दुकानाचीच. तुमची खुर्ची मी खिडकीपाशी मांडलीय. तिथे उजेड चांगला आहे.”

मनोहरनं परात शेगडीवर ठेवली, नीट मधोमध बसली का ते पाहिलं, आणि खिडकीपाशी जाऊन बसला.